चिमूटभर दगडफूल : ध्रुवीय शैवाकांच्या रसायनांकडे जाताना

उन्हाळ्यात निपाणीतल्या किंवा बेळगावातल्या मसाला कुटण्याच्या एखाद्या डंकासमोर थोडा वेळ उभे राहा. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांच्या पिशव्या, धणे, सुके खोबरे, तीळ, लवंग, दालचिनी, आणि या सगळ्यांच्या कडेला एका लहान पुडीत जळक्या कागदाच्या कपट्यांसारखे दिसणारे काहीतरी. वरून करडे, खालून काळे. हे दगडफूल. किलोभर मिरचीला ते मूठभरही लागत नाही. कोरडे हुंगले तर धूळ आणि जुने लाकूड यांचा मिळून एक पुसट वास येतो, आणि हे मसाल्यात घालतात तरी का असा प्रश्न पडतो. तेच गरम तेलात पडले की रस्त्यावरून जाणारा माणूस दारातून विचारतो, “चटणी भाजायलायसा काय वैनी?”

मी या विषयात शिरलो तो प्रयोगशाळेतून नव्हे, आईच्या मसाल्याच्या डब्यातून. दगडफूल कुठल्या झाडाचे, हा लहानपणी विचारलेला प्रश्न. “दगडाला येतंय” हे उत्तर मिळाले. शेजारच्या कानडी काकूंनीही तेच सांगितले, कारण कन्नडमध्ये त्याचे नाव ‘कल्लु हूवु’, म्हणजे शब्दाला शब्द दगड आणि फूल. संस्कृतात ते ‘शैलेय’, खडकातून जन्मलेले. तीन भाषांचे यावर एकमत आहे आणि तिन्ही भाषा चुकल्या आहेत. आपल्या बाजारात येणारे दगडफूल बहुतेक झाडांच्या सालीवर वाढलेले असते, त्यातले बरेचसे हिमालयाच्या उतारांवरच्या ओकसारख्या झाडांवरून खरवडून आणलेले. आणि फूल तर ते नव्हेच. ती धड एक वनस्पतीसुद्धा नव्हे.

शास्त्रीय मराठीत त्याला शैवाक म्हणतात, आणि शब्द चांगला बेतला आहे : शैवल आणि कवक एकत्र. कवक म्हणजे बुरशी घर बांधते, आणि घरात राहणारे सूक्ष्म शैवल उन्हात स्वयंपाक करते. हे दोघांचे बिऱ्हाड आहे असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा शैवाकांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या मोठमोठ्या विद्वानांनी त्यांची टवाळी केली. आपण जन्मभर ज्याला एक जीव म्हणून नावे दिली तो एक जीवच नाही, हे पचायला कठीणच. पुढे श्वेंडेनर खरे ठरले. मग २०१६ मध्ये कळले की अनेक शैवाकांच्या सालीत यीस्ट जातीची आणखी एक बुरशी दडलेली असते. म्हणजे दोघांचेही नव्हे, बिऱ्हाड तिघांचे. एका घरात दोन भाषा आणि तिसरी बाजाराची, हे सीमाभागातल्या माणसाला काही नवे नाही.

ही प्रस्तावना या बिऱ्हाडाच्या रसायनशास्त्राची आहे, आणि त्यातही ध्रुवाजवळच्या थंडीत राहणाऱ्या शैवाकांच्या रसायनांची. ती वाचायला तुम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर असण्याची गरज नाही. जीवशास्त्राचा विद्यार्थी, औषधनिर्माणाच्या कॉलेजात शिकणारी मुलगी, शाळेतले विज्ञानाचे मास्तर, कोणीही यावे. एक समजूत मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावी, ती म्हणजे हा विषय फार लांबचा, बर्फाचा, परदेशी जहाजांचा आहे ही.

तर रसायने. शैवाकांमध्ये आजवर एक हजाराहून अधिक खास संयुगे सापडली आहेत आणि त्यांतली बहुतेक निसर्गात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. ती तयार करते बुरशी, पण त्यासाठी लागणारा कार्बन शैवलाने कमावलेला असतो. ही संयुगे पेशीच्या आत विरघळून राहत नाहीत. बुरशीच्या धाग्यांवर बाहेरच्या बाजूने त्यांचे बारीक स्फटिक जमतात, पिठात घोळवलेल्या शेवयांसारखे. शैवाकाच्या कोरड्या वजनाच्या काही टक्के भाग एवढ्यांचाच असू शकतो, आणि काही जातींत हा आकडा वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातो. जो जीव वर्षाला मिलिमीटरभर वाढायला कुरकुरतो, तो आपल्या कमाईचा एवढा वाटा या स्फटिकांवर का खर्च करतो? माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा मूळ प्रश्न हाच, आणि त्याचे पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही.

यांची बांधणी मात्र समजण्यासारखी आहे. बुरशी दोन-दोन कार्बनचे तुकडे ओवत एक माळ करते, ती वळवून तिची कडी करते, आणि अशा दोन कड्या एकमेकींना जोडते. जोडणी एका एस्टर बंधाची असेल तर ते डेप्साइड; कड्यांमध्ये आणखी एक ऑक्सिजनचा पूल पडला की डेप्सिडोन. ‘डेप्साइड’ हे नाव एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे. साखरा आणि प्रथिने यांवर काम करून झाल्यावर ते इकडे वळले आणि १९१३ च्या सुमारास त्यांनी लेकॅनोरिक आम्ल हे शैवाकातले डेप्साइड प्रयोगशाळेत बनवून दाखवले. डेप्साइडांतलेच ॲट्रानोरिन तुमच्या दगडफुलात असते. त्याच्या वरच्या करड्या सालीचा पांढुरका रंग बराचसा त्याचा. असे रेणू जड असतात, त्यांना स्वतःला फारसा वास नसतो. ते उष्णतेने, ओलाव्याने, जुने होण्याने मधोमध तुटतात आणि त्यांचे हलके, उडणारे तुकडे नाकाशी येतात. पुडीतले दगडफूल मुके आणि तेलातले बोलके, ते यामुळे. युरोपातल्या अत्तरांत ‘ओकमॉस’ नावाचे एक शैवाक शतकानुशतके वापरले गेले त्यामागेही हेच रसायन, आणि कनोजच्या अत्तरवाल्यांनीही आपले छडीला, म्हणजे दगडफूलच, याच गुणासाठी भट्टीवर चढवले.

शाळेतल्या लिटमस कागदाची कुळकथाही इथलीच. लिटमसचा रंग शैवाकांपासून येतो. रोसेला नावाच्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या शैवाकांतले बिनरंगी पदार्थ अमोनियात मुरवले की जांभळे रंग तयार होतात. पूर्वी हा अमोनिया कुजवलेल्या मुतातून मिळवीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सभ्यपणे गाळतात. रोसेलाची एक जात आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांवरही वाढते. म्हणजे आम्ल की अल्क हे ओळखायला पिढ्यान्‌पिढ्या ज्या कागदावर आपण विसंबलो, तो दगडफुलाचाच भाऊबंद.

आता अल्क म्हटले की आपल्याकडच्या कोणालाही हळद आठवावी. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. घरगुती कुंकू असेच करीत. शैवाकांच्या अभ्यासाची पहिली मोठी युक्ती याच जातीची आहे. विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवले की शैवाकाच्या अंगावर पोटॅशचा थेंब टाकला, किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकले, तर काही जाती पिवळ्या होतात, काही लाल, काही ढिम्म राहतात. दिसायला जुळ्या असणाऱ्या जाती थेंबभर औषधाने वेगळ्या झाल्या. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले : पॅरिसच्या एका बागेत शैवाके टिकून होती, शहराच्या धुराच्या भागांत नव्हती. हवा तपासायला शैवाके वापरण्याची सुरुवात तिथली. आणि गंमत अशी की श्वेंडेनरच्या ‘दोन जीव’ सिद्धांताला ज्यांनी शेवटपर्यंत विरोध केला, त्यांत हेच नायलँडर होते. शहाणा माणूसही सगळीकडे शहाणा नसतो, त्यामुळे पूर्वसुरींना वाचताना दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

नंतरची वाट जपानमधून गेली. यासुहिको असाहिना यांनी आणखी एक अभिकर्मक आणला आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांच्या आकारावरून संयुग ओळखण्याची रीत बसवली. शोजी शिबाता यांच्याबरोबरचा त्यांचा शैवाक-रसायनांवरचा ग्रंथ १९५४ मध्ये इंग्रजीत आला. मग अमेरिकेत चिचिता कल्बर्सन यांनी १९७० मध्ये टीएलसीची, म्हणजे पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीची, प्रमाणित पद्धत दिली. सिलिकाचा लेप दिलेली प्लेट, तळाशी अर्काचे ठिपके, आणि ठराविक द्रावक वर चढत जाताना प्रत्येक संयुग आपापल्या उंचीवर थांबते. ही रीत आजही जगभर चालते. आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही ती चालेल इतकी ती स्वस्त आहे. नव्या अभ्यासकाने महागड्या यंत्राची वाट पाहत बसू नये.

भारतात या रसायनांचे पद्धतशीर काम टी. आर. शेषाद्री यांनी सुरू केले, आधी वाल्टेअरला आणि नंतर दिल्लीला. भारतीय शैवाकांवरची त्यांची लेखमाला १९४० च्या दशकात, आपला देश स्वतंत्र होण्याआधीच सुरू झाली. लखनौला धरणी धर अवस्थी यांनी जाती ओळखण्याचा पाया घातला. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत रुजले. १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातली शैवाके वर्षानुवर्षे गोळा केली. त्यांत लिपी-शैवाकांचा भरणा मोठा : झाडाच्या सालीवर मोडी लिपीत कोणी काही खरडून ठेवल्यासारख्या काळ्या रेघा. वाचता येत नाहीत, पण टीएलसीच्या प्लेटवर ठेवल्या की नाव सांगतात.

याच संस्थेतले एक काम मी या विषयाचे प्रवेशद्वार मानतो. उस्निया हे दाढीसारखे झाडाला लोंबणारे शैवाक. त्याची घाटातली एक जात आहे, नावच उस्निया घट्टेन्सिस. बी. सी. बेहेरा, मखीजा आणि सहकाऱ्यांनी हे शैवाक काचेच्या नळीत वाढवले, जंगलातून न ओरबाडता, आणि त्याच्या अर्काचे जंतुरोधक आणि ऑक्सिडीकरणरोधक गुण तपासले. तो निबंध २००५ चा. त्या वाढवलेल्या शैवाकात उस्निक आम्ल होते. हेच उस्निक आम्ल क्नॉप नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये पहिल्यांदा वेगळे केले होते. आणि हेच पिवळे आम्ल अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर खडकाला धरून उभ्या असलेल्या उस्निया अंटार्क्टिकाच्या सालीत असते. एकीकडे पावसाळाभर धुक्यात भिजणारा घाट, दुसरीकडे बर्फाचे वाळवंट, आणि रेणू एकच. ध्रुवाच्या थंडीने काही अद्भुत नवी रसायने घडवली अशी लोकप्रिय लेखांतली कल्पना असते. मला ती पटत नाही. बुरशीकडे ही हत्यारे फार जुनी आहेत. थंडीने नवे हत्यार दिले नाही, जुन्याला वेगळे काम दिले. या क्षेत्राकडे पाहण्याची माझी दिशा तेवढ्या एका वाक्यात आहे.

अंटार्क्टिकाची भारतीय वाट आपल्या शेजारून जाते. पहिली भारतीय मोहीम सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आज वास्को द गामाला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. बेळगावातून सकाळी निघून चोर्ला घाट उतरला की दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येते. १९८९ मध्ये सुरू झालेले मैत्री हे ठाणे शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यावर आहे. भोवती बर्फ, मध्ये सुमारे पस्तीस चौरस किलोमीटर नागडा दगड आणि शंभराहून अधिक तळी. लखनौच्या डी. के. उप्रेती यांनी तिथल्या शैवाकांवर लिहिले, आणि गोव्याच्या केंद्राने २०१० मध्ये मारिया ओलेख आणि शिव मोहन सिंह यांचे शिर्माकरच्या शैवाकांवरचे पुस्तक काढले. उत्तरेला स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद इथे २००८ पासून हिमाद्री हे ठाणे आहे. आर्क्टिक शैवाकांच्या ऑक्सिडीकरणरोधक गुणांची चाचणी सिंह आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली.

ध्रुवावर शैवाकांनाच इतके महत्त्व का, तर तिथे दुसरे फारसे कोणी नाही. अख्ख्या अंटार्क्टिका खंडावर मूळच्या फुलझाडांच्या जाती दोन. एक गवत, एक उशीसारखे वाढणारे बारीक रोप. शैवाकांच्या जाती चारशेच्या आसपास. ज्या घरात दोनच माणसे आणि चारशे दगडफुले, त्या घराचा कारभार कोणाच्या हाती असणार?

थंडी म्हणजे नुसते कमी तापमान, अशी आपली समजूत असते, कारण आपली थंडी डिसेंबरातल्या शेकोटीपुरती. शैवाकाला ध्रुवावर तीन वेगळ्या गोष्टींना तोंड द्यावे लागते आणि तिन्ही एकदम येतात.

पहिली म्हणजे ऊन. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, बर्फावरून किरण उलटे येतात, आणि थंडीमुळे शैवलाची यंत्रणा मंद चाललेली असते. आत आलेला प्रकाश कामी लागत नाही, मग तो पेशीचेच नुकसान करतो. त्यातच अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला वसंतात पडणारे खिंडार १९८५ मध्ये जगाला कळले, आणि अतिनील किरणांचा प्रश्न आणखी ठळक झाला. उस्निक आम्ल हे अतिनील किरण शोषते. झँथोरिया एलेगन्स या नारिंगी शैवाकातले पॅरिएटिन अतिनील आणि निळा प्रकाश दोन्ही अडवते. भडक रंग शोभेचा नव्हे, ती छत्री आहे. काळ्या, जळक्या दिसणाऱ्या जातींत हेच काम मेलॅनिन करते, आणि वर दगड तापवून थोडी ऊबही मिळवून देते.

छत्री खरोखर छत्रीच आहे हे कसे सिद्ध करायचे? यासाठी नॉर्वेतल्या क्नुट सोल्हाउग आणि इंगवार गाउस्ला या जोडीने वापरलेली युक्ती मला अजून आवडते. पूर्ण वाळलेले शैवाक शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवले तर स्फटिक विरघळून जातात, आणि शैवाक मरत नाही. वाळलेला जीव इतका निवांत झोपलेला असतो की ॲसिटोनची आंघोळही त्याला जागे करीत नाही. मग छत्री असलेले आणि छत्री काढलेले असे दोन जुळे शेजारी ठेवून प्रकाश द्यायचा. पॅरिएटिन धुऊन टाकलेल्या शैवाकाला प्रकाश बाधला. पुढे त्यांनी पाहिले की ते पॅरिएटिन पुन्हा तयार करते, पण अतिनील-बी किरण मिळाले तरच. ऊन लागल्याशिवाय छत्री नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा प्रयोग एकदा स्वतः करावा, ॲसिटोनपासून आग दूर ठेवून.

दुसरी गोष्ट म्हणजे गोठणारे पाणी. इथे रंगीत आम्लांचा संबंध थोडा आणि साध्या साखर-अल्कोहोलांचा जास्त, आणि लोकांचे लक्ष नेमके चुकीच्या जागी जाते. हिरवे शैवल बुरशीला रिबिटॉल देते, बुरशी त्याचे ॲराबिटॉल आणि मॅनिटॉल करते. हे पदार्थ पेशीत पाण्याची जागा धरून ठेवतात; मुरांब्याच्या बरणीत पाण्याला धरून ठेवणाऱ्या साखरेची आठवण व्हावी असे. शिवाय अनेक शैवाकांच्या अंगावर शून्याखाली जेमतेम काही अंशांवरच बर्फाचे कण धरू लागतात. हे तोट्याचे वाटते, पण बर्फ पेशीबाहेर, हळू आणि ठरल्या जागी धरला तर आतली पेशी वाचते. अंटार्क्टिकातल्या उंबिलिकॅरिया ॲप्रिनाने उणे १७ अंश सेल्सिअसला प्रकाशसंश्लेषण केल्याचे मोजले गेले आहे. आपल्या घरच्या फ्रीजरचा बर्फाचा कप्पा साधारण तेवढाच थंड असतो. झँथोरिया एलेगन्स तर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनातून जिवंत निघाले, आणि २००८-०९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष राहून आले.

तिसरी म्हणजे कोरडेपणा. अंटार्क्टिकात पाणी आहे, पण प्यायला नाही, सगळे गोठलेले. इथे त्या स्फटिकांचे एक दुर्लक्षित काम पुढे येते. ते पाण्याला दूर ठेवतात. हिम वितळून शैवाक भिजते तेव्हा आतल्या धाग्यांमधल्या पोकळ्या पाण्याने बुजल्या तर हवा पोचणार नाही आणि शैवल गुदमरेल. स्फटिकांमुळे आतला भाग कोरडा राहतो, भिंतीतून पाणी आणि पोकळीतून हवा. आपल्याकडे मुसळधार पावसात भिजणाऱ्या दगडफुलाला हीच अडचण असते, म्हणून हे उत्तर घाटातही उपयोगी आणि ध्रुवावरही.

आणि कडवटपणा? शैवाक-आम्ले खाणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी असतात, हे स्पष्टीकरण जुने आहे आणि पुष्कळ ठिकाणी बरोबर आहे. स्कँडिनेव्हियात लांडग्यांना मारायला वापरलेल्या एका पिवळ्या शैवाकातले व्हल्पिनिक आम्ल खरेच विषारी. आइसलंडचे लोक तिथले शैवाक राखेच्या पाण्यात भिजवून कडवटपणा काढून खात. पण अंटार्क्टिकात चरणारे रेनडिअर नाहीत. फार तर किडे-कोळ्यांचे बारीक भाऊबंद. तरीही आम्ले आहेत. एकाच कारणाने सगळे समजावणाऱ्या लेखाकडे म्हणून संशयाने पाहावे.

काही शैवाकांनी तर उघड्यावर राहणेच सोडले. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतल्या वालुकाश्मात, दगडाच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवर, कणाकणांच्या फटींत शैवाके राहतात. इम्रे फ्रीडमन यांनी १९८२ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांचे ऑक्झॅलिक आम्ल दगडातले लोह विरघळवते, थर पांढरा पडतो, आणि कालांतराने वरचा पापुद्रा सुटून येतो. दगडफूल हे नाव खरे शोभत असेल तर यांना.

आता थोडे कटू बोलतो, कारण स्वागत करताना खड्डा दाखवणे हेही यजमानाचे काम. ध्रुवीय शैवाकांवरच्या निबंधांचा मोठा भाग औषधांच्या आशेवर उभा आहे. आशा निराधार नाही. कोरियाच्या ध्रुवीय संस्थेने किंग जॉर्ज बेटावरच्या रामालिना टेरेब्राटामधून रामालिन नावाचे नवे संयुग २०११ मध्ये जाहीर केले. ते प्रयोगनळीत चांगले ऑक्सिडीकरणरोधक ठरले. पण अशा चाचणीत जांभळ्या द्रावणाचा रंग उडवणे एक आणि माणसाचा आजार बरा करणे दुसरे. उस्निक आम्लाचेच पाहा. जंतूंवर ते चालते, मलमांत वापरले गेले. मग कोणीतरी ते वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घातले आणि लोकांची यकृते निकामी होऊ लागली; अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना २००१ मध्ये इशारा द्यावा लागला. ‘नैसर्गिक’ हा शब्द कुठेही दिसला की हा प्रसंग आठवावा. चटणीतली चिमूट वेगळी आणि गोळीतला अर्क वेगळा.

शिवाय माल आणणार कुठून? अंटार्क्टिकाच्या सर्वांत कोरड्या भागात ब्युएलिया फ्रिजिडा हे शैवाक शंभर वर्षांत साधारण मिलिमीटरभर वाढते. तळहाताएवढा ठिपका शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधीचा असतो. तिथून काही उचलायचे तर १९९१ च्या माद्रिद करारानुसार परवानगी लागते, आणि २०२२ पासून भारताचा स्वतःचा अंटार्क्टिका कायदाही आहे. म्हणूनच पुण्यातले काचेच्या नळीतले काम मला दूरदृष्टीचे वाटते. आता बुरशीच्या जनुकांचा जो गट एखादे आम्ल बनवतो तो ओळखून दुसऱ्या, भराभर वाढणाऱ्या बुरशीत बसवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पुढची दहा वर्षे तिथली असतील असा माझा अंदाज.

तोवर आपल्या भागात काम कमी नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या बाजूला झाडांच्या साली पाहा. मग उत्तरेला निपाणीकडे, तंबाखूच्या काळ्या रानात आणि पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला असलेली झाडे पाहा. दाढीसारखी लोंबणारी शैवाके धूर सोसत नाहीत, सालीला चिकटून बसणारी जास्त सोसतात. किती किलोमीटरवर कोणती बदलतात आणि त्यांच्या सालीतले आम्ल कमी-जास्त होते का, हा एम.एस्सी.च्या दोन वर्षांत होण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्यासाठी ध्रुवावर जावे लागत नाही. फक्त नमुना नखाएवढा घ्यावा. पोत्याने खरवडणाऱ्यांची कमतरता नाही.

सुरुवात आजच करता येईल. घरातल्या दगडफुलाच्या पुडीतून रुंद पानासारखा एक तुकडा आणि अरुंद पट्टीसारखा एक तुकडा निवडा. बाजारातली पुडी बहुधा मिसळीची असते. वरची करडी साल नखाने किंचित खरवडली की आत पांढरा कापसासारखा थर दिसेल. त्यावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा एक थेंब काडीने ठेवा आणि डोळा हलवू नका, कारण रंग आला तर क्षणभरच टिकतो. रुंद तुकडा पार्मोट्रेमा टिंक्टोरमचा असेल तर थर लालभडक होईल. ते लेकॅनोरिक आम्ल, फिशरने बनवलेले तेच. अरुंद पट्टी एव्हर्नियास्ट्रमची असेल तर ब्लीचने काही होणार नाही. तिच्यातल्या सॅलाझिनिक आम्लाला पोटॅश लागते, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळेल, तिथे ती पिवळी होऊन लाल होईल. तारीख, दुकानाचे गाव आणि रंग वहीत लिहा. काहीच झाले नाही तर तेही लिहा. आणि थेंब टाकलेले तुकडे चटणीच्या पातेल्यात परत टाकू नका.